पद्धतशीरांचा तीन टप्प्यांचा विभाग

प्रवासी बॅगांच्या त्या कारखान्यात प्रत्येक कामाची एक पद्धत कागदावर होती आणि एक खरी. कागदावरची लिहिणारे गृहस्थ म्हणजे उत्पादन खात्याचे मुख्य कारकून. त्यांना सगळे पाठीमागे ‘पद्धतशीर’ म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

माणूस वाईट नव्हता. कुणाची चहाडी केली नाही, देवाला हात जोडल्याशिवाय घराबाहेर पाऊल टाकलं नाही. खोड एकच. बाहेरचं कुणी आलं की यांच्या तोंडून कारखान्याचं असं काही वर्णन निघायचं, की तिथंच राबणाऱ्याला वाटावं, आपणही या कारखान्यात नोकरीसाठी अर्ज करून बघावा!

त्यातच जुने व्यवस्थापक निवृत्त झाले. त्यांची काचेची केबिन रिकामी पडली आणि पद्धतशीरांची झोप उडाली. घरी बायकोही शांत बसू देईना.

“माझ्या बहिणीकडे बघा. तुमच्या साडूंना केबिन मिळून जमाना झाला. तुम्ही अजून पंख्याखाली बसून उडणारे कागद पकडताय.”

“मिळेल गं. पद्धतीनं मिळेल.”

“मग पद्धतीला म्हणावं, जरा पाय उचल.”

तेवढ्यात मालकांच्या व्याह्यांनी आपल्या कंपनीत ईआरपी आणलं. खरेदी, साठा, उत्पादन, विक्री सगळं एकाच सॉफ्टवेअरमध्ये बांधलेलं. एकाचं काम झाल्याशिवाय दुसऱ्याचं पुढे सरकत नाही. जेवायला बसले असता व्याह्यांनी त्याचं इतकं कौतुक केलं, की मालकांना घास गिळवेना. दुसऱ्या दिवशी कारखान्यात येताच त्यांनी फर्मावलं, “आपल्याकडेही पाहिजे. आणि व्याह्यांपेक्षा मोठं. जो हे बसवून दाखवेल, तोच पुढचा व्यवस्थापक.”

निवड समिती झाली. मालक, मालकांचे जावई आणि पद्धतशीर. जावयांना कारखान्यातलं एकच ठिकाण नीट माहीत होतं, ते म्हणजे सासऱ्यांच्या खोलीतला सोफा.

सॉफ्टवेअरवाले एकेक करून येऊ लागले. पहिले आले ते साधे होते. म्हणाले, “किंमत नंतर सांगतो. आधी आठवडाभर तुमच्या कारखान्यात फिरू द्या. काम खरंच कसं चालतं ते बघू.” मालकांच्या कपाळाला आठी पडली. ते गेल्यावर मालक म्हणाले, “हे विकायला आलेत का तपासायला?” पद्धतशीरांनी जोरात मान हलवली. कुणी आत फिरणार या कल्पनेनंच त्यांना घाम फुटला होता.

दुसरे आले ते कोट घालून. पडद्यावर रंगीत गोल फिरले, त्यांतून बाण निघाले, बाणांतून नफा निघाला. जावयांनी समितीतला आपला एकमेव प्रश्न विचारला, “हे मोबाइलवर दिसेल?” दिसेल म्हटल्यावर जावई पुन्हा सोफ्यात रुतले. व्याह्यांकडचं सॉफ्टवेअर याच लोकांचं, पण एक पायरी खालचं, हे कळल्यावर मालकांनी पुढचं ऐकलंच नाही. निवड झाली.

मग कोटवाल्यांच्या एक सल्लागार बाई आल्या. चुणचुणीत, हसतमुख. त्यांनी विचारायचं आणि पद्धतशीर जे सांगतील तसं सॉफ्टवेअर बांधायचं, असा करार. पद्धतशीरांना तर आयुष्यात प्रथमच असा श्रोता मिळाला होता.

“तयार बॅगांची तपासणी कशी होते?” बाईंनी विचारलं.

इथं खरं उत्तर फार सोपं होतं. गेटपाशी मालकांच्या आत्याबाई बसत. प्रत्येक गठ्ठ्यातली एक बॅग त्या पुढ्यात ओढत, आत जुनी पोती कोंबत, वर दाणकन बसत आणि कुलूप लावून बघत. लागलं तर गठ्ठा पास. नाही लागलं तर गठ्ठा आणि तो आणणारा, दोघांचाही उद्धार. आत्याबाईंचा देह भारदस्त होता आणि निकाल झटपट. कधी दुपारी त्यांचा तिथंच डोळा लागे. मग ती बॅग सर्वांत मजबूत समजली जाई.

पण कोटवाल्यांच्या माणसासमोर हे सांगायचं? घरातली म्हातारी बॅगेवर बसते म्हणून? पद्धतशीरांनी घसा खाकरला.

“आमच्याकडे स्वतंत्र गुणवत्ता विभाग आहे. तीन टप्पे. भार, मूठ आणि कुलूप. तिन्ही मंजुऱ्या आल्याशिवाय बॅग हलत नाही.”

“वा! बघायला मिळेल?”

“सध्या तिथं रंगकाम चालू आहे.”

बाईंनी लिहून घेतलं. पद्धतशीरांनी पानावर सही केली, आणि खाली तारीखही घातली, पद्धतीप्रमाणे.

सॉफ्टवेअर सुरू व्हायचा दिवस उजाडला. मालकांनी मुद्दाम व्याह्यांना बोलावलं. पद्धतशीर नवा शर्ट घालून आले. जाता जाता रिकाम्या केबिनच्या काचेत त्यांनी भांगही नीट केला. मालकांनी बटण दाबलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

दुपारपर्यंत गेटपाशी ट्रकांची रांग लागली. बॅगा तयार, आत्याबाईही बसून मोकळ्या झालेल्या, पण माल पाठवायची पावती निघेना. पडद्यावर एकच ओळ: गुणवत्ता विभागाच्या मंजुरीची प्रतीक्षा.

“कसला विभाग?” मालक ओरडले. “कुठाय तो?”

सल्लागार बाई गडबडल्या. “साहेब, तुमच्याकडेच आहे ना. तीन टप्प्यांचा. यांनीच सांगितलं.”

सगळ्यांनी पद्धतशीरांकडे बघितलं. व्याही मिशीत हसत होते. पद्धतशीरांना वाटलं, सांगून टाकावं, साहेब, नाही असा विभाग, माझी जीभ घसरली. तोंड उघडलं, आणि सवयीनं भलतंच बाहेर पडलं, “साहेब, विभाग आहे. फक्त... त्यात माणसं नेमायची राहिलीत.”

“काढून टाका तो,” मालक बाईंना म्हणाले.

“काढता येईल. पण त्या पानावर यांची सही आहे. नव्या बदलाचे पैसे वेगळे पडतील. शिवाय एखादा महिना लागेल.”

‘पैसे वेगळे’ म्हटल्याबरोबर मालकांचा राग एकदम निवला. व्याह्यांसमोर फजिती परवडली असती, पण पैसे नाही. त्यांनी पद्धतशीरांच्या खांद्यावर हात ठेवला.

“मग नेमू की माणसं. आजपासून तुम्ही विभागप्रमुख. आणि विभागही तुम्हीच.”

“साहेब, आणि व्यवस्थापकाची जागा...”

“ती जावईबापू बघतील. त्यांनी कुठं काही घोळ घातला नाही.”

हे मात्र खरं होतं. काहीच केलं नव्हतं, तर घोळ कुठून होणार?

तासाभरात गेटपाशी, आत्याबाईंच्या शेजारी, एक लाकडी टेबल आणि संगणक आला. आत्याबाई बॅगेवर बसल्या. कुलूप लागलं. “पास!” त्या म्हणाल्या.

पद्धतशीरांनी पहिला टप्पा उघडला. सॉफ्टवेअर थांबलं. त्याला भार किलोत हवा होता.

“आत्याबाई,” पद्धतशीर चाचरत म्हणाले, “जरा वजन सांगता का?”

“कुणाचं?”

“तुमचं.”

रांगेतल्या ड्रायव्हरांनी कान टवकारले. आत्याबाई बॅगेवरून सावकाश उठल्या.

“अरे मेल्या, साऱ्या गावासमोर बाईमाणसाचं वजन विचारतोस? लाज आहे का?”

पद्धतशीरांनी अंदाजानं आकडा घातला. आत्याबाईंनी चष्मा चढवून पडद्यात बघितलं. “कमी कर,” त्या म्हणाल्या. त्यांनी केला. “अजून.” त्यांनी अजून केला. शेवटी कागदोपत्री त्या बॅगेवर एक शाळकरी पोर बसून गेलं.

संध्याकाळी बायकोनं दारातच विचारलं, “झालात व्यवस्थापक?”

“विभागप्रमुख झालो.”

तिनं तिथल्या तिथं बहिणीला फोन लावला, आणि मध्येच फोनवर हात ठेवून विचारलं, “ती विचारतेय, हाताखाली माणसं किती?”

“सांग, अजून ठरायचंय,” पद्धतशीर म्हणाले आणि पाय धुवायला गेले.

ते दुसऱ्या दिवशी ठरलं. एक नवा ड्रायव्हर वैतागून आत्याबाईंना म्हणाला, “मावशी, बॅग तर पास झाली. मग हे साहेब काय टाइप करतायत मघापासून?”

“साहेब कसला,” आत्याबाई पोती कोंबता कोंबता म्हणाल्या, “माझ्या हाताखाली लागलाय कालपासून. शिकेल हळूहळू.”

पद्धतशीर काहीतरी बोलणार होते. पण पडदा तिसरी मंजुरी मागत होता आणि मागचे ट्रक भोंगे वाजवत होते. त्यांनी मंजुरी दिली.