आसारामच्या झोळीतले सहा मोबाइल

नव्या साहेबांनी बीडच्या त्या कचेरीत आल्या आल्या पहिलं काम केलं ते लिफ्टला कुलूप घालण्याचं. लिफ्ट चालू होती, हेच मुळात नवल. पण साहेबांना व्यायामाचं भारी वेड. त्यांनी दारावर पाटी लावली, ‘जिना चढा, निरोगी राहा’. वर हुकूम काढला की प्रत्येकाने मोबाइलमध्ये पावलं मोजणारं ॲप घ्यायचं आणि संध्याकाळी साडेपाचला दिवसभराचा आकडा ग्रुपवर टाकायचा. ज्यांची पोटं टेबलाला टेकल्याशिवाय खुर्ची पुढे सरकत नव्हती, त्यांनीही मान डोलावली. साहेबांपुढे मान डोलवायला पावलं लागत नाहीत.

या सगळ्या भानगडीत शिपाई आसारामला कोणी काही विचारलं नाही. एक तर त्याचा फोन बटणांचा. दुसरं म्हणजे, लिफ्ट शिपायांसाठी नव्हतीच; अठ्ठावीस वर्षं तो जिना चढतच होता. खाली रेकॉर्ड, दुसऱ्या मजल्यावर हेडक्लार्क, तिसऱ्यावर साहेब. फायलींची कापडी झोळी खांद्याला अडकवून दिवसातून तीस-तीस खेपा. त्याला व्यायाम म्हणतात हे त्याला पंचावन्नाव्या वर्षी कळलं.

पहिल्या आठवड्यात वच्छलाबाई क्लार्क आपला मोबाइल एका फाइलमध्येच विसरल्या. फाइल झोळीत गेली, झोळी दिवसभर वरखाली झाली. संध्याकाळी बाईंना मोबाइल परत मिळाला तेव्हा त्यावर आठ हजार पावलं होती. बाई जाग्यावरून फक्त डबा धुवायला उठल्या होत्या. ग्रुपवर साहेबांनी त्यांना अंगठा आणि फुलांचा गुच्छ पाठवला.

झालं! दुसऱ्या दिवशी झोळीत दोन मोबाइल आले, महिनाअखेर सहा. हेडक्लार्क राधाकिशनराव सगळ्यांत शेवटी आले, पण रोज सकाळी नेमाने आपला मोबाइल स्वतः झोळीत सोडू लागले. “जरा जपून रं आसाराम,” ते म्हणायचे, “सबुरीनं चढ, पळू नकू. नाय तर साहेब म्हणतील हेडक्लार्क पळायलाय.” सगळे हसायचे. आसारामही तोंड हसल्यासारखं करायचा.

नाही म्हणायचं त्याच्या मनातच आलं नाही. दोन वर्षांपूर्वी त्याच्या बायकोला, रतनबाईला, लकवा मारला. उजवं अंग गेलं, बोलणं जड झालं. पहिले काही महिने तो रडला, देवाशी भांडला, पुण्यातल्या मुलाला फोन करून बोलावून घेतलं. मुलगा चार दिवस राहून गेला. त्यानंतर आसारामच्या आत कुठेतरी सगळं गप्प झालं. भूक लागली की जेवायचं, घंटी वाजली की उठायचं. पेठ बीडमधल्या दोन खोल्यांत सकाळ-संध्याकाळ रतनबाईला खाटेवरून उचलून मोरीत न्यायचं, धुऊन-पुसून परत आणायचं. दुपारी शेजारच्या छबुबाई तिला दोन घास भरवायच्या. पण उचलणं त्यांच्याच्याने होत नव्हतं. ते काम आसारामचंच.

आणि दिवाळीनंतर त्याचा डावा गुडघा सुजायला लागला. डॉक्टरांनी फोटो काढला आणि सांगितलं, “गुडघ्यातली गादी झिजलीय. जिने बंद करा. नाही तर वर्षभरात तुम्हालाच उचलायला माणूस लागेल.”

स्वतःच्या गुडघ्याचं आसारामला फार काही वाटलं नाही. पण मग रतनबाईला कोण उचलणार? हा एकच प्रश्न त्या गप्प झालेल्या जागी रोज टोचायचा. तळमजल्यावर आवक-जावकच्या टेबलाची जागा रिकामी होती. टपाल घ्यायचं, शिक्का मारायचा, बसून काम. त्याने अर्ज केला, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी जोडली.

“तू बिनघोर ऱ्हा,” राधाकिशनराव म्हणाले. “मी शिफारस लिवतो. आमी सहा जण हाव की तुझ्या पाठीशी.” खरं तर सहाही जण त्याच्या खांद्यावर होते.

सोमवारी साहेबांनी त्याला बोलावलं. झोळी खांद्याला तशीच घेऊन आसाराम तिसऱ्या मजल्यावर गेला.

“आसाराम, जिन्याने गुडघे जातात असं कोण म्हणतं?”

“डॉक्टर, साहेब.”

साहेबांनी कॉम्प्युटरचा पडदा त्याच्याकडे वळवला. माणूस दुष्ट नव्हता. समजावून सांगायची हौस होती. “हे बघा. राधाकिशनराव, वय सत्तावन्न, रोज नऊ हजार पावलं. वच्छलाबाई, तुमच्याहून मोठ्या, आठ हजार सातशे. असे सहा जण आहेत. एकाचीही तक्रार नाही. आणि तुमचंच दुखतं?”

त्यांनी घंटी वाजवून राधाकिशनरावांना वर बोलावलं. कित्येक आठवड्यांत राधाकिशनराव स्वतःच्या पायांनी पहिल्यांदा तिसऱ्या मजल्यावर आले. घाम फुटला होता, छाती भात्यासारखी चालली होती.

“पळत आलात वाटतं! शाब्बास,” साहेब म्हणाले. “तुमची शिफारस वाचली. पण खरं सांगा, तुम्ही एवढे जिने चढता. गुडघे दुखतात तुमचे?”

राधाकिशनरावांनी आसारामकडे पाहिलं, मग झोळीकडे. त्यांचा मोबाइल आतच होता.

“न्हाई साहेब,” ते म्हणाले. “उलट मोकळे झाले.”

आसारामने झोळी टेबलावर उपडी केली असती तर काम तिथेच झालं असतं. हे त्याला कळत होतं. हात हलेल अशी वाट पाहत तो उभा राहिला. हात हलला नाही. रागही आला नाही. सहीसाठी उभं राहावं तसा तो उभा होता. साहेबांनी अर्जावर ‘सध्या आहे तिथेच ठेवावे’ असं लिहिलं आणि मायेने सांगितलं, “जिने सोडू नका. हळूहळू सवय होते.”

जिन्यात राधाकिशनरावांनी त्याचा दंड धरला. “तोंडातून निगून गेलं रं. फुडच्या महिन्यात बगू काय तरी.”

“बगू,” आसाराम म्हणाला. “मोबाइल आत्ता देऊ का साडेपाचला?”

राधाकिशनरावांनी त्याचा दंड सोडला. “साडेपाचलाच दे.”

त्या संध्याकाळी खाटेवरून रतनबाईला उचलताना त्याचा गुडघा मुडपला. तिला छातीशी धरून तो भिंतीला घसरत खाली बसला. कोणाला लागलं नाही. दोघं फरशीवर तशीच बसून राहिली.

“अर्जाचं काय झालं?” तिने विचारलं. तिचे जड शब्द आता फक्त त्यालाच नीट कळायचे.

“न्हाई झालं.”

तिने डाव्या हाताने त्याचा सुजलेला गुडघा चाचपला. मग म्हणाली, “मंग आता मला उचलू नका. अंथरूण खालीच घाला. सतरंजीवर घ्या अन् मोरीपतुर वढत न्या.”

“वढत?”

“पोतं वढत्यात तसं. तुमी पडलाव तर मला कोण हाय?”

ही रतनबाई डोक्यावरचा पदर कधी ढळू न देणारी. लकव्यानंतर पहिल्यांदा त्याने उचललं तेव्हा शेजारणीने बघितलं म्हणून दिवसभर जेवली नव्हती. आसारामने सतरंजी अंथरली, रतनबाईला तिच्यावर सरकवलं आणि टोक धरून ओढलं. ती वाळून हलकी झाली होती. सतरंजी सहज सरकली. गुडघ्यातून एकदाही कळ आली नाही आणि त्याला बरं वाटलं. कितीतरी महिन्यांनी त्याला काही वाटलं होतं, आणि बायकोला फरफटत नेताना वाटलं होतं.

“बगा,” मोरीच्या उंबऱ्याशी रतनबाई म्हणाली, “कसं सोपं हाय.”

आसारामला एकदम रडू फुटलं. तो तिच्या मागे उभा होता, म्हणून तिला ते दिसलं नाही.