शिसं की तार

सायमी हाउताला आमच्या रांगेतल्या तिसऱ्या पत्र्याच्या घरात राहायची. क्वीन्सलँडच्या त्या तापलेल्या गावात आम्ही फिनलंडची दीडेकशे माणसं होतो. पुरुष सगळे शिशाच्या खाणीत, आणि इंग्रजी नीट येणारी ती एकटी. फिनलंडमधल्या वासा या आपल्या गावी, बंदरावरच्या कचेरीत चार वर्षं टाइप करताना शिकली होती तेवढीच. ही एकसष्ट सालची गोष्ट.

कुणाला दवाखान्यात न्यायचं, कुणाच्या पोराच्या शाळेतून चिठ्ठी आली, की सायमी. माझं दुसरं मूल पोटातच गेलं हे डॉक्टरांनी आधी तिला सांगितलं, मग तिने मला. बाहेर आल्यावर ती पायरीवर बसून राहिली. म्हणाली, "तुमच्या सगळ्यांचं आधी मलाच का कळायचं गं?"

खाणीच्या फाटकाशी एक फळा होता. त्यावर सूचना फिनिशमध्ये लिहायचं कामही तिचंच. बायकांना खाली उतरायला मनाई होती, त्यामुळे जे कधी पाहिलं नाही त्याबद्दल ती रोज लिहायची. एका सोमवारी कारकुनाने टाइप केलेला कागद दिला. सुरुंगाची दारू भरण्याआधी सगळं 'लेड' काढून टाका, असं तिने वाचलं. लेड म्हणजे शिसं, खाणच शिशाची. पण सुरुंगाच्या तारांना खाली 'लीड' म्हणत. बोलताना वेगळे, इंग्रजीत लिहिताना दोन्ही शब्द अगदी एकसारखे.

तिला खटकलं. कागदावर बोट ठेवून तिने विचारलं, "हे काढायचं म्हणजे नक्की काय काढायचं?"

"लिहिलंय ते, बाई. माझ्याकडे आणखी अकरा कागद आहेत."

तिने लिहिलं: दारू भरण्याआधी शिशाचे तुकडे काढून टाका.

आमची माणसं आज्ञाधारक. कौको निएमेलाच्या टोळीने फावडी घेऊन तुकडे उपसायला सुरुवात केली. आदल्या पाळीतली सुरुंग पेटवायची एक टोपी न उडता तारेसकट ढिगात राहिली होती; कागदात काढायला सांगितल्या होत्या त्या अशाच तारा. फावड्यात तार अडकली, कौकोने हिसडा दिला आणि टोपी उडाली. त्याचा उजवा डोळा गेला आणि दोन बोटं.

पंधरा दिवसांनी युनियनच्या हॉलमध्ये चौकशी बसली. कौकोला इंग्रजी येत नव्हतं. दुभाषी कोण? सायमीच. तिने हात जोडून सांगितलं, "मला नका बसवू. फळ्यावरचं अक्षर माझं आहे." ब्रिस्बेनहून चौकशीला आलेले साहेब म्हणाले, "दुसरं कुणी आहे का?" कुणीच नव्हतं. तिने खरं भाषांतर करीन अशी शपथ घेतली. आम्ही मागच्या बाकावर होतो. तिची बोटं पर्सच्या बंदाभोवती गुंडाळलेली मला दिसत होती.

थोड्या वेळाने साहेबांनी कौकोला विचारलं, "तिथे काही फॉल्ट होता का?"

सायमी त्या शब्दाशी अडली. तिने मला नंतर सांगितलं: फॉल्ट म्हणजे खडकातली भेग, आणि फॉल्ट म्हणजे चूकही. आमच्याकडे दोन्हीला वेगळे शब्द. भेग म्हटलं असतं तर कौको 'नाही' म्हणाला असता आणि प्रश्न तिथेच मिटला असता. ती सुटली असती.

"बाई, विचारा ना," साहेब म्हणाले.

"साहेब, तुमचा हा एक शब्द आमच्याकडे दोन होतात. खडकाबद्दल विचारताय की माणसाबद्दल?"

साहेबांनी चष्मा काढला. "खडकाबद्दल."

तिने विचारलं. कौको म्हणाला, भेग नव्हती. ते तिने सांगितलं, आणि खाली न बसता पुढे म्हणाली, "माणसाबद्दल कुणी विचारलं नाही, तरी सांगते. शब्द मी चुकवला. अर्थ विचारला होता, कुणी सांगितला नाही. तरीही लिहिला मीच." मग हेच तिने आमच्याकडे वळून फिनिशमध्येही सांगितलं. कारकून खाली बघत होता.

अहवालात लिहिलं, अपघात. कुणाचंही नाव नाही. सायमीला त्यानेच जास्त लागलं.

तिने फळा सोडला. नवरा आर्वी समजावून थकला. चौथ्या दिवशी डोळ्याला पट्टी बांधलेला कौको तिच्या दारात आला. तिने कॉफी ठेवली, वेलचीचा गोड पाव कापला.

"फळा कोरा आहे," कौको म्हणाला.

"असू दे. मला सुटायचंय यातून."

"मला डोळा हवाय. मिळतोय का?" त्याने कप बशीवर ठेवला. "तू लिहिलं नाहीस तर आमची पोरं अंदाजाने वाचतील. त्यापेक्षा तुझं चुकलेलं बरं."

"हे सांत्वन म्हणायचं का?"

"नाही. काम सांगतोय."

दुसऱ्या दिवशी ती फाटकाशी गेली. कारकुनाला म्हणाली, "ज्या वस्तूचं नाव लिहायचं ती आधी या टेबलावर ठेवायची. नाहीतर मी खडू उचलणार नाही." तेव्हापासून टेबलावर तारा, टोप्या, पाचरी, नळ्या येऊ लागल्या. ती एकेक हातात घेऊन बघायची, मग लिहायची. पण त्यानंतर ती कुणाशी मोकळं बोलली नाही. 'पाणी दे' म्हणतानाही थांबायची.

अकरा वर्षं तिने हे केलं. आमची मुलं इंग्रजी शिकून मोठी झाली तेव्हा फळा निघाला, आणि ती न् आर्वी वासाला परत गेली.

पहिल्याच पत्रात तिने लिहिलं होतं: "इथे सगळे माझीच भाषा बोलतात, मला कुणी काही विचारत नाही. दुकानाच्या पाट्या मात्र मी अजून दोनदा वाचते. आर्वी पुढे निघून जातो."