श्राउड साडी सेंटर

टीव्हीवर परदेशी चॅनल दिसायला लागले त्या सुमारास तेलगावला इंग्रजीची लागण झाली. तोवर फाट्यावरच्या दुकानांना देवाची, आजोबांची नाहीतर पोरांची नावं होती आणि गिऱ्हाईक बिनतक्रार येत होतं. पण देशाचे दरवाजे उघडले म्हणतात. त्या उघड्या दारातून आमच्याकडे सगळ्यात आधी आल्या त्या पाट्या. भज्यांचा गाडा 'फूड प्लाझा' झाला आणि सलूनवाल्यानं मोडक्या खुर्चीच्या वर 'न्यू' लिहून घेतलं.

त्यातच माजलगावला एक अंकशास्त्री येऊन बसला. तो नाव देत नसे, नुसती अट देई. अमुक इतकी अक्षरं, सुरुवात या अक्षरानं, पोटात ती अक्षरं, आणि शब्द इंग्रजीच हवा. मराठी अक्षरांवर ग्रहांचं लक्ष नसतं, असं त्याचं संशोधन होतं.

अट घेऊन आलेली माणसं मग अमरनाथअप्पांकडे जात. अप्पा इंग्रजी घेऊन बी.ए.ला बसले होते आणि बसलेलेच राहिले होते. पण घरात जाडजूड इंग्रजी-मराठी शब्दकोश होता, आणि गावात विद्वान ठरायला तेवढं पुरे होतं. ओट्यावर मांडी घालून, पाटीवर अक्षरांच्या जागा मोकळ्या आखून ते पानावर बोट फिरवत बसत. शब्द सापडला की असे हसत, जणू तो त्यांनी स्वतः पेरून पिकवला होता.

एके दिवशी कापड दुकानदार विश्वेश्वरशेठ आले. लग्नाचा बस्ता बांधायचा तर पंचक्रोशी त्यांच्याकडेच येई, तरी त्यांना दुकानाचं नाव बदलायचं होतं.

"सहा अक्षरं, अप्पा. एस नं सुरू. त्यात एच आन् डी पायजेच."

अप्पांचं बोट फिरलं. "शॅडो. म्हंजी सावली."

"सावली कावून? उजेड करायचाय मला."

"श्रेड्स. चिंध्या."

"अप्पा, कापडाचं दुकान हाय माझं!"

"श्रूड. धूर्त." अप्पांनी शेठचा चेहरा पाहिला आणि आपणच पुढं सरकले. पान संपता संपता त्यांचं बोट थबकलं. "श्राउड! अर्थ ऐका, शेठ. आच्छादन, वस्त्र."

"वस्त्र? आन् सहा अक्षरं?"

"मोजून सहा. एच हाय, डी हाय."

शेठनी अप्पांचे पाय धरले. अर्थ पुढच्या पानावर चालू होता, पण ज्याचे पाय धरलेत त्या माणसाला पान कसं उलटता येणार?

महिन्याभरात 'श्राउड साडी सेंटर' अशी दिव्यांची पाटी लागली. पिशव्या छापल्या. नवऱ्या मुली त्या पिशव्या छातीशी धरून सासरी गेल्या. धंदा असा वाढला की शेठनी शेजारचा गाळाही घेतला. अप्पांच्या ओट्यावर गर्दी झाली.

पुढच्या लग्नसराईत अंबाजोगाईहून एक वऱ्हाड बस्त्याला आलं. नवऱ्या मुलाचे मामा कॉलेजात इंग्रजी शिकवत. पाटीकडे बघून ते आधी हसले, मग गंभीर झाले.

"हे नाव कुणी ठेवलं? अहो, श्राउड म्हणजे प्रेतावर घालायचं कापड. कफन!"

समोर नबीचा फळांचा गाडा होता. त्याच्या हातातलं केळं तसंच राहिलं. "कफन? बस्त्याला?"

वऱ्हाड उठून बीडला गेलं. शेठ तडक अप्पांच्या दारात.

"ह्ये काय केलं तुमी? लोकं पोरीचा बस्ता नेतात का मड्याचं कापड?"

अप्पांनी ते पान काढलं आणि पहिल्यांदाच उलटलं. वरच छापलं होतं, 'विशेषतः प्रेताचे'. त्यांनी त्या ओळीवरून दोनदा बोट फिरवलं. मग म्हणाले, "वस्त्र तर हायच, शेठ. फकस्त पांघरणारा येगळा हाय."

आतून त्यांची बायको शांतादेवी म्हणाली, "अहो, एक पान उलटायला किती जोर लागत होता?"

शेठ अंकशास्त्र्याकडे धावले. तो शांतपणे म्हणाला, "विक्री वाढली ना? मग ग्रह खूश आहेत. ग्रह अक्षरं मोजतात, अर्थ वाचत नाहीत." पाटी राहिली. कुणी विचारलंच तर शेठ सांगू लागले, "श्राउड म्हंजी कानडीत सौभाग्य. आमचे पूर्वज तिकडचेच." अप्पांनी याला दुजोरा द्यावा अशी त्यांची इच्छा होती. अप्पांनी दिला नाही. त्या दिवसापासून शेठनी त्यांच्याशी बोलणं टाकलं.

अप्पांना मात्र ही गोष्ट फार लागली. आजवर दिलेला प्रत्येक शब्द त्यांनी पुन्हा काढून शेवटपर्यंत वाचला आणि जिथं चूक दिसली तिथं स्वतः जाऊन सांगितली. बंकट टेम्पोवाल्याला म्हणाले, "बंकट, तुझ्या टेम्पोवर लिहिलेल्या स्वर्व्हचा अर्थ रस्ता सोडून एकीकडं जाणं. पुसून टाक बाबा."

"मग बरोबरच हाय की, अप्पा. तुमी धारूरचा रस्ता न्हाई बघितला?"

पुढं नवं गिऱ्हाईक आलं की अप्पा शब्दाबरोबर अख्खा अर्थ सांगत, वाईटसुद्धा. लोक कंटाळले. माजलगावला संगणकाचा क्लास निघाला होता. तिथं अट सांगितली की शब्दांची भेंडोळी छापून मिळे, आणि अर्थ एकाचाही नसे. संगणकासारखा प्रामाणिक विद्वान गावानं पाहिला नव्हता. अप्पांचा ओटा रिकामा झाला.

आता ते शांतादेवीला साड्यांना फॉल लावून देतात. आधी त्यांना लाज वाटायची, मग सवय झाली. साड्या येतात त्या अर्थातच श्राउडच्या पिशव्यांतून. अप्पा पिशवी उलटी करून ठेवतात आणि कामाला लागतात. शांतादेवी म्हणते, हात चांगला बसलाय, वरून टाका दिसत न्हाई.