हळदीच्या कुकरची जाहिरात कोण दाबतं?

मंगळवार, होळीच्या आधीचा आठवडा. हजर: मी, माझा नवरा आणि आम्हाला कुकर बनवून देणारे शेजारचे वेल्डिंगवाले भाईजान. गैरहजर: नवऱ्याचा मावसभाऊ. बोलणं त्याच्याबद्दलच होतं.

आमचे हळद शिजवायचे तीन कुकर भाड्यानं जातात. ट्रॅक्टरला जोडून शेतात न्यायचे, वाफेवर हळद शिजवून द्यायची. दोन-अडीच महिन्यांचं काम. वेबसाइट मीच केली, कोड न लिहिता, पडद्यावर तयार चौकोन ओढून बसवत. जाहिरातही मीच लावली. वाशीममध्ये हळदीचा कुकर शोधला की पहिलं नाव आमचं. त्यावर कोणी बोट ठेवलं की दिवसाच्या ठरलेल्या रकमेतून पैसे जातात, रक्कम संपली की नाव गायब. आठ दिवस ते सकाळी नऊच्या आतच गायब होत होतं आणि नव्या गिऱ्हाइकाचा एकही फोन नव्हता.

मावसदिरानं सहा हंगाम आमचाच कुकर चालवला होता. यंदा त्यानं जऊळक्याला स्वतःचा घेतला. पहिलाच हंगाम, त्यावरच त्याचं सगळं. त्याचा कुकर सुरू झाला तो दिवस आणि आमची जाहिरात सकाळीच संपू लागली तो दिवस, दोन्ही मी वहीत शेजारी-शेजारी लिहिले. मध्ये दोनच दिवस.

“तो असं नाही करत,” नवरा म्हणाला.

“काहून नाही? जाहिरात कशी चालते, हे मीच त्याले शिकवलं.”

“भाभी, त्याचा कुकर तं मीच बनवला,” भाईजान म्हणाले. “मंग मीबी चोर झालो काय?”

नवरा हसला. मी भाईजानच्या हातातल्या फोनकडे पाहिलं.

त्याच दुपारी जऊळक्याच्या एका जुन्या गिऱ्हाइकाचा फोन आला. “बाई, तुमच्या दिराचा कुकर कसा आहे? घरचा माणूस म्हणून तुमाले विचारून राह्यलो.”

“नवा आहे,” मी म्हणाले. “झाकणातून वाफ सुटते म्हणतात. पाहून घ्या.”

असं कोणीही म्हणत नव्हतं.

संध्याकाळी मी खोटे क्लिक पकडणाऱ्या एका सेवेत खातं उघडलं. त्यांनी काही ओळींचा कोड दिला. तो साइटच्या सेटिंगमध्ये ‘हेड’ नावाच्या चौकटीत टाकायचा होता. घाईत मी तो पहिल्या पानावरच्या मजकुराच्या चौकोनात टाकला. सकाळी रिसोडहून एकाचा फोन: “तुमच्या पानावर नुसते कंसच कंस दिसून राह्यले. हळद शिजवता का गणितं?” कोड तिथून काढला, योग्य जागी टाकला, साइट पुन्हा प्रसिद्ध केली.

शनिवारी अहवाल उघडला. बहुतेक क्लिक तीनच फोनवरून आलेले, आणि कोडनं त्या तिन्ही फोनवर आमची जाहिरात दिसणं आपोआप बंदही केलेलं. पण ठिकाणं जऊळक्याची नव्हती. एक दिवस मालेगाव, दुसऱ्या दिवशी रिसोड, मग मंगरूळपीर. ही ठिकाणं मला ओळखीची वाटली. कुकर कोणत्या दिवशी कुठे जाणार याची यादी मी दर आठवड्याला करते. ती शेजारी ठेवली. दिवसागणिक जुळली. फोन आमच्याच कुकरसोबत फिरत होते.

मुकादमाला फोन लावला. मानोऱ्याकडच्या तांड्यावरून तो दरवर्षी आमचे कुकर चालवायला मजुरांची टोळी घेऊन येतो.

“वहिनी, बरं झालं तुमीच फोन केला,” तो म्हणाला. “तुमचं वरचं नाव मोबाइलवर दिसूनच नाही राह्यलं. धंदा बंद केला काय?”

“तुमी जाहिरात दाबता का?”

“दाबतो ना! तुमच्या नाव-नंबरचे कार्डं संपले बारा-तेरा दिवस झाले. शेतकरी विचारते, मशीन कोणाचं? मंग आमी मोबाइल काढून दाखवतो. पोरंबी दाखवते.”

“अन् खालचं, बिनपैशाचं नाव कायले नाही दाबत? तेही आपलंच आहे.”

“वरचं सोडून खालचं कायले दाबू, वहिनी? तुमी तं वर आहा!”

त्याला साइटचा थेट पत्ता पाठवला. कार्डं छापायला दिली. नवऱ्याला सगळं सांगितलं, झाकणाचंही. त्यानं माझा फोन उचलून माझ्या हातात दिला. मग म्हणाला, “जऊळक्याच्या त्या शेतकऱ्याले फोन लाव. आत्ता.”

अहवालात एक फोन शिल्लक आहे. जऊळक्याचा, रोज सकाळी सातच्या सुमारास एकदाच. एका क्लिकनं जाहिरात संपत नाही, हे मला कळतं. भाव पाहणारा एखादा शेतकरी असेल. दीरही असेल. तो कोण ते समजलं की झाकणाचं सांगायला फोन करते, असं मी नवऱ्याला सांगितलं आहे, आणि रोज सात वाजता अहवाल उघडून बसते.

दिराच्या कुकरबद्दल विचारणाऱ्या त्या शेतकऱ्याची हळद परवा काढून झाली, ढीग शेतात पडला आहे. दिराला त्यानं बोलावलं नाही, दुसरा कुकर शोधतो आहे, असं भाईजान सांगून गेले. त्या शेतकऱ्याला फोन करून झाकणाची गोष्ट खोटी होती, हे सांगायचं राहिलं आहे.