पोर चाटले जास

एप्रिलमध्ये जळगावात दुपारी बाहेरून आलेल्या माणसाचा हात तापलेलाच असतो. माझ्या तेरा वर्षांच्या मुलीचा हात गार लागला आणि मला संशय आला.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. सुट्टीत तिला टायपिंगच्या क्लासला घातलं होतं. ती अर्धी पोळी टाकून ताटावरून उठायची, धड झोपायची नाही, काही विचारलं की अंगावर यायची. भुसावळला मामाकडे जायचं नाव काढलं तर रडारड. मी नोकरी करणारी, यादी केल्याशिवाय बाजारात न जाणारी बाई. संशयालाही क्रम लावला: आधी पोट, मग डोळे, मग एखादा मुलगा. पोट आणि डोळे डॉक्टरांनी ठीक ठरवले. उरला मुलगा.

तेवढ्यात शेजारच्या अक्का आल्या. त्या मूळच्या भडगावकडच्या, बोलणं अस्सल खानदेशी. मुलीच्या मैत्रिणीकडून त्यांना बातमी लागली होती. दारातच आवाज खाली करून म्हणाल्या, "तुनी पोर क्लासले जात नही. रोज चाटले जास."

म्हणजे गाडीवर चाट खाते. जेवण का जात नाही ते कळलं, हायसंही वाटलं. पण कपड्यांना, बोटांना चिंचेचा वास नव्हता. आणि चाट खाऊन हात गार कसा होईल? तसं अक्कांना विचारलं.

"कुल्फी बी खात व्हई," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून मी क्लासजवळच्या गाड्या पालथ्या घातल्या. तिला कोणीच ओळखत नव्हतं. मग क्लासच्या मागच्या इमारतीत, पहिल्या मजल्यावर, एका काचेच्या दाराबाहेर चपलांचा ढीग दिसला. त्यात तिची चप्पल होती, पट्टा मीच शिवून आणलेली. दारावर रंगवलं होतं: इंटरनेट, ई-मेल, चॅट. अक्कांनी काय ऐकलं होतं ते तिथं उमगलं.

आत कॉम्प्युटरसाठी एसी लावलेला. मालक म्हणाला, "ताई, चप्पल बाहेर." मुलं इथं काय करतात, असं विचारलं तर ज्ञान मिळवतात म्हणाला. त्याच्यावर माझा काडीचा विश्वास बसला नाही. प्लायवूडचे कप्पे होते, त्यांना पडदे. प्रत्येक पडद्याखाली मी आधी पाय बघितले. तिच्या पडद्याखाली तिचेच दोन.

पडदा सारला. स्क्रीनवर ओळी भराभर वर सरकत होत्या. इंग्रजी अक्षरांत मराठी, हिंदी. एकासाठी ती पुण्यातली कॉलेजकुमारी होती, दुसऱ्यासाठी नाशिकची नर्स. मी खांद्यावर हात ठेवला.

"पाच मिनिटं," ती वळूनही न बघता म्हणाली. मला मालक समजली असावी.

"मी आहे," मी म्हटलं.

तिनं माझ्याकडे पाहिलं. पाहत असतानाही तिची बोटं टाइप करतच होती. त्या बोटांची मला भीती वाटली. मी तिला हाताला धरून उठवलं.

जिन्यात मी थेट विचारलं, मुलगा कोण?

"मुलगा कुठला, आई? तिथं सगळे खोटंच बोलतात. मीपण."

"मग जातेस कशाला?"

"उद्यापासून नाही जायचं, असं रोज ठरवते. पाय तिकडेच वळतात. एकदा बसलं की उठताच येत नाही." ती रडायला लागली. "तू न्यायला येत जा. मी नाही म्हटलं तरी ने."

हे खरं की आणखी एक थाप, मला कळेना. परक्यांशी इतकं सफाईदार खोटं बोलताना मी तिला आत्ताच पाहिलं होतं.

तरी दुसऱ्या दिवसापासून मी जाऊ लागले. साहेबांना सांगून डबा खायची सुट्टी पुढे ढकलून घेतली आणि क्लास सुटायच्या आधी समोरच्या रस्त्यावर जाऊन उभी राहायची. पहिले काही दिवस घरी येईपर्यंत ती माझ्या चार पावलं पुढे चालायची. पण बाहेर आल्या आल्या रस्त्यावर आधी मला शोधायची. मी यावं म्हणून, की एखाद्या दिवशी तरी येणार नाही या आशेनं, हे तिच्या चेहऱ्यावरून ओळखता यायचं नाही. मी एकही दिवस चुकवला नाही.