दुसुतीवरचं तळघर

तो खेळ मला कधीच आवडला नाही, हे आधी सांगून टाकते. हल्ली पन्नाशीला टेकलेली माणसं त्या खेळातल्या जुन्या मोहिमांच्या पुस्तकांच्या गुळगुळीत, रंगीत आवृत्त्या उराशी धरून "ते दिवसच वेगळे होते" म्हणत डोळे ओले करतात, तेव्हा मला मळमळतं. कसले वेगळे? त्या मोहिमा म्हणजे घाणीचं प्रदर्शन होतं. एका खोलीत सडकं प्रेत, पुढच्या खोलीत मांजराएवढे उंदीर, त्यापुढे छतावरून ठिबकणारं हिरवं बुळबुळीत काहीतरी, जे अंगावर पडलं की कातडी सोलून निघायची. आणि एवढं ओलांडून हाती काय लागायचं, तर कुठल्याशा मेलेल्या राजाच्या दातांत अडकलेलं माणिक. ते काढायला माझंच बोट घालावं लागलं होतं, कारण मोहिमेत मी चोर होते आणि असली कामं चोराकडे असतात.

घाणच हवी होती तर आमच्या डोंबिवलीत काय कमी होती? घरामागच्या नाल्याला कारखान्यांच्या कृपेनं कधी जांभळा रंग असायचा, कधी पिवळा. आई सकाळी खिडकीतून वास घ्यायची आणि त्यावरून कपडे आत वाळत घालायचे की बाहेर ते ठरवायची. अशा गावातल्या पोरांनी सुट्टीच्या दुपारी विलायती गटारात उतरायचं, यासारखा करंटेपणा नाही.

अठ्ठ्याऐंशी-एकोणनव्वदच्या सुमाराला हा खेळ आमच्याकडे आणला मामेभावानं. त्याला मी दादा म्हणायचे. तो इंजिनियरिंगच्या हॉस्टेलवर राहायचा आणि तिथून एका मोहिमेच्या पुस्तकाची झेरॉक्स घेऊन आला होता. झेरॉक्सची झेरॉक्स, तिची पुन्हा झेरॉक्स. अक्षरं चिरडलेल्या मुंग्यांसारखी दिसायची. शेवटची पानं नव्हतीच. कुणीतरी वाटेत कंजुषी केलेली.

खेळ असा, की एकानं सांगायचं आणि बाकीच्यांनी चोर, योद्धा, जादूगार होऊन त्यात राहायचं. सांगणारा म्हणतो, समोर दार आहे. खेळणारे म्हणतात, आम्ही दार ढकलतो. ढकललं जातं की नाही ते आकडा ठरवतो. त्यासाठी वीस बाजूंचा फासा लागतो म्हणे. तो कुठून आणणार? आम्ही हौजीच्या विसापर्यंतच्या सोंगट्या स्टीलच्या डब्यात घालून उपसायचो. दादा शेव खातखात उपसायचा. त्या सोंगट्यांना येणारा लसणाचा आणि तेलाचा वास साबणानं धुऊनही गेला नाही.

सांगायची माझी ताई. बी.एस्सी. झालेली, घरी बसलेली, म्हणजे आमच्याकडच्या भाषेत "लग्नाची". ती ते इंग्रजी वाचत जायची आणि मराठीत सांगत जायची, आणि तिची एक रीत होती. नव्या खोलीत शिरलं की काय दिसतं ते ती लगेच सांगायची नाही. "आधी वास," म्हणायची. मग डोळे मिटून सांगायची. ओल्या चपलांचा वास आहे. त्यात आपल्या नाल्याचा, पाणी पिवळं असतं त्या दिवशीचा. आणि मागून गोडसर, फळं कुजल्यासारखा. एकदा हे ऐकून मला खरोखर उमासा आला. मोरीत धावले, चूळ भरली, तोंड पुसलं, आणि परत येऊन चटईवर बसत विचारलं, "मग पुढे काय?"

हा खेळ इतकी वर्षं का टिकला असं मला कुणी विचारलं तर मी याहून जास्त काही सांगू शकत नाही. ओकारी आली तरी माणूस परत येऊन बसतो. चटक म्हणा. मला तरी त्यात कौतुक करण्यासारखं काही दिसत नाही.

शेवटची पानं नसल्यामुळे त्या मोहिमेतल्या तळघराचा शेवटचा मजला ताईनं स्वतः रचला. आलेखाच्या कागदावर, चौकोन चौकोन रंगवून. काळ्या भिंती, निळं पाणी, तांबडे सापळे, आणि सगळ्यातून वळवळत गेलेला तो हिरवा बुळबुळीत किळसवाणा प्रकार. मधोमध एक पांढरी खोली होती. तिच्याकडे बोट दाखवलं की ताई नुसती हसायची. पावसाळाभर ती त्या कागदावर वाकलेली होती. शास्त्र शाखा बाबांनी ठरवली, नोकरी नको हे आईनं ठरवलं. आपल्या मनानं, आपल्या डोक्यातून तिनं केलेलं असं ते एकच होतं, आणि हे मला तेव्हाही कळत होतं. दादा दिवाळीनंतर अमेरिकेला जायचा होता. तो जायच्या आत तळघर संपवायचं, एवढंच तिचं म्हणणं.

तेवढ्यात कल्याणचं स्थळ आलं.

बघण्याच्या कार्यक्रमाइतका ओंगळ प्रकार त्या तळघरातही नव्हता. मुलीच्या हातचं म्हणून टीपॉयवर कलाकुसर मांडून ठेवायची पद्धत. ताईला सुईत दोरा ओवता यायचा, तेवढंच. मग आईनं शेजारच्या काकूंचा मण्यांचा हंस आणला, वरच्या मजल्यावरच्या वहिनींचे भरलेले अभ्रे आणले, मावशीचं लोकरीचं तोरण आणलं. तो हंस तर आमच्या बिल्डिंगमधल्या प्रत्येक लग्नाच्या मुलीनं केलेला होता. एवढं करूनही टीपॉय रिकामा दिसायला लागला, तेव्हा आईच्या हाती ताईचा आलेख लागला.

"अगं, एवढं सुंदर डिझाईन काढलंस आणि बोलली नाहीस?" म्हणत तिनं तो हंसाशेजारी मांडला. ताई आत साडी नेसत होती.

मुलाची आई भरतकामातली दर्दी निघाली. हंसाकडे तिनं ढुंकूनही पाहिलं नाही, कदाचित आधी कुठेतरी पाहिलेला असावा. आलेख मात्र चष्म्याजवळ नेऊन बघितला.

"क्रॉस स्टिचचा नमुना ना? कुणी काढला?"

"हिनंच," आई म्हणाली. त्या टीपॉयवरची तेवढीच एक खरी गोष्ट होती.

"आणि ही हिरवी वेल बघा. किती नाजूक वळवलीय."

दादाला पोह्यांचा ठसका लागला. वेल. त्या वेलीनं आमचा एक योद्धा बुटांसकट खाल्ला होता.

"दुसुतीच्या कापडावर फार छान उठेल," त्या म्हणाल्या. "नेऊ का मी? टाके घालून झाले की परत पाठवते."

"न्या की. विचारायचं काय त्यात," आई म्हणाली.

ताईनं तोंड उघडलं. पण त्या कार्यक्रमात मुलीनं विचारल्याशिवाय बोलायचं नसतं, आणि तिला विचारलं होतं ते फक्त वरणाला फोडणी कशाची घालतेस. माझ्या डोळ्यांसमोर आमचं तळघर घडी होऊन त्या बाईंच्या पर्समध्ये गेलं. मुलगा सबंध वेळ पंख्याकडे बघत होता.

नकार आठवड्यानं आला, मध्यस्थ काकांच्या तोंडून. मुलगी बाकी छान आहे, मुलाच्या मानानं उंची कमी पडते. उंची काय ती दारातून आत येतानाच दिसली होती. पोह्यांची दुसरी बशी संपवेपर्यंत कुणाला खटकली नव्हती. मला त्या माणसांची शिसारी आली, आणि "त्यांचं तरी काय चुकलं" म्हणणाऱ्या आमच्या माणसांचीही.

आलेख परत आला नाही. ताईनं दुसरा काढायला घेतला, फाडला. पुन्हा घेतला, तोही फाडला. "हे ते नाही," एवढंच म्हणाली. दिवाळी झाली. दादाचं तिकीट आलं. तेव्हा ताई बाबांना म्हणाली, "मी कल्याणला जाऊन कागद घेऊन येते."

बाबांनी पेपर खाली ठेवला. "नकार आलेल्या घरी मुलगी आपल्या पायानं जाते? हात दाखवून अवलक्षण कशाला? लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, उंची कमी आहे," ताई म्हणाली आणि चपला घालायला लागली. दादा आणि मी मागोमाग निघालो.

दार त्या बाईंनीच उघडलं. आम्हाला बघून त्यांचा चेहरा असा झाला, जणू आम्ही वर्गणी मागायला आलोय. आत घेतलं, बसवलं, दिवाळीतला उरलेला चिवडा पुढे ठेवला. तेल खवट झालं होतं. दादानं तोही खायला सुरुवात केली. मग बाई ताईच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "हे बघ बाळ, मनाला लावून घेऊ नकोस. यात आपल्या हातात काही नसतं."

त्यांना वाटलं होतं, आम्ही गयावया करायला आलोय. इतकी किळस मला प्रेताच्या दातांत बोट घालतानाही आली नव्हती.

"मी माझा कागद न्यायला आलेय," ताई म्हणाली.

"कागद? अगं, तो नमुना उतरवून झाला ना, मग पोळ्यांच्या डब्यात खाली घातला होता. तेलकट झाला, टाकून दिला." आणि त्या एकदम उजळल्या. "पण थांब, बघ तरी."

चिवड्याची बशी उचलून त्यांनी टीपॉयवरचं प्लॅस्टिक काढलं. खाली आमचं तळघर होतं. पांढऱ्या दुसुतीवर, टाका न टाका मोजून घातलेलं. भिंती काळ्या, पाणी निळं, सापळ्यांच्या जागी तांबडी फुलं. हिरवा बुळबुळीत प्रकार झुळझुळीत रेशमी दोऱ्यात. आणि मधोमध, ताईच्या पांढऱ्या खोलीत, पिसारा फुलवलेला मोर.

"मधे अगदीच रिकामं दिसत होतं," बाई म्हणाल्या. "म्हणून मोर घातला."

मला वाटलं, ताई आता रडेल. पावसाळाभर जपलेली ती खोली, आणि तिच्यात हा ठसठशीत, मूर्ख मोर. ताईनं वाकून त्या मोरावरून बोट फिरवलं. मग खाली फरशीवर मांडी घालून बसली, चिवड्यातले दोन शेंगदाणे उचलून दुसुतीवर ठेवले आणि आम्हाला म्हणाली, "तुम्ही दोघं इथं होतात. मधल्या खोलीचं दार सापडलंय. आत जाणार?"

दादानं चिवड्याचा हात पँटला पुसला. "जाणार."

"आधी वास," ताई म्हणाली. डोळे मिटले. "फिनाईलचा. नुकतंच सगळं पुसून घेतलंय. पण त्याखाली काहीतरी नासलेलं आहे, ते फिनाईलनं जात नाही. कुठून येतो ते घरातल्यांना कळत नाही, सवयीचं झालंय."

खोलीत खरोखरच फिनाईलचा वास होता. बाई उभ्याच राहिल्या.

"आत काय आहे?" मी विचारलं.

"मोर."

"मोर कधीपासून?"

"आत्तापासून. उपाशी आहे."

हौजीचा डबा घरी राहिलेला. ताईनं मुठीत शेंगदाणे घेतले आणि एकी का बेकीवर खेळ सुरू झाला. मी बेकी म्हटलं, एकी निघाली, मोरानं दादाच्या जादूगाराचा हात खांद्यापासून खाल्ला. पिसाऱ्यातला एकेक डोळा ओला होता आणि उघडझाप करत होता, असं ताईनं सांगितलं. शेवटी माझ्याजवळ उरलं होतं ते माणिक. ज्यासाठी मी त्या मढ्याच्या तोंडात बोट घातलं होतं, ते मी मोरापुढे टाकलं. त्यानं गिळलं, पिसारा मिटला, आणि त्याच्यामागे दार दिसलं.

"मग पुढे काय?"

हे मी विचारलं नव्हतं. आतल्या खोलीच्या उंबऱ्यावर तो मुलगा उभा होता, पट्ट्यापट्ट्यांच्या लेंग्यात. केव्हापासून ऐकत होता कोण जाणे. पंखा सोडून तो पहिल्यांदाच दुसरीकडे कुठे बघत होता. तोंड किंचित उघडं राहिलेलं. तो चेहरा मी ओळखला. मोरीतून चूळ भरून परत येताना माझा तसाच होत असणार.

ताई उठली. पदर झटकला. त्याच्या मानानं खरंच बुटकी होती, मान वर करूनच बोलावं लागलं.

"पुढे दार आहे," ती म्हणाली. "पण ते ठेंगणं आहे. तुम्ही नाही मावायचे."

आणि आम्ही निघालो. बाईंनी चहाचं विचारलं, पण आवाजात जोर नव्हता. जिना उतरायला लागलो. ताईचे डोळे भरलेले होते. तळघर तिथंच राहिलं होतं, त्यांच्या चिवड्याच्या बशीखाली.

जिन्याखाली सगळ्या बिल्डिंगचा कचरा साठवलेलं पिंप होतं. दिवाळीचा कचरा, भिजून फुगलेला, वर माश्या. मी नाकाला ओढणी लावली. दादा दोन दिवसांनी विमानात बसणार होता, आणि मला तर हा खेळ आवडतच नव्हता.

"ताई," मी ओढणीतूनच विचारलं, "त्या दारापलीकडे काय होतं गं?"

ताई पिंपापाशी थांबली. डोळे पुसले, मग मिटले.

"ओढणी काढ," ती म्हणाली. "आधी वास."