हार्डली आणि हार्डर

"मॅडम, तुमच्या वर्गात नक्की काय शिकवता?" असं विचारत जगदाळेसाहेबांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला.

मी बारामतीतल्या एका शाळेत इंग्रजी शिकवून रिटायर झाले. जळोचीला राहते. मंगळवारी आणि शुक्रवारी कंपनीच्या बसनं लोणी देवकरला जाते आणि तिथल्या एका कारखान्यातल्या सुपरवायझर लोकांना कामापुरतं इंग्रजी शिकवते. कारखान्यात ट्रॅक्टरचे सुटे भाग बनतात. जगदाळेसाहेब तिथले प्लँट मॅनेजर.

स्क्रीनवर रशीदभाई तांबोळींचा मेल होता. रशीदभाई इन्स्पेक्शनचे सुपरवायझर. मूळचे इंदापूरचे. हेल्पर म्हणून लागले आणि कामाच्या जोरावर वर आले. मागच्या लॉटमध्ये काही पार्टच्या कडेला 'बर', म्हणजे धातूची बारीक धारदार किनार, राहिली होती. परदेशातल्या कस्टमरनं विचारलं होतं, तपासणीत काय सुधारणा केली? रशीदभाईंनी लिहिलं होतं, 'नाऊ वी चेक मोअर हार्डली. बोथ शिफ्ट्स हार्डली चेक.'

त्यांना म्हणायचं होतं, आता आम्ही आधीपेक्षा कडक तपासतो. दोन्ही शिफ्ट कडक तपासतात. पण इंग्रजीत हार्डली म्हणजे जेमतेम, जवळजवळ नाहीच. कस्टमरनं वाचलं ते असं, की दोन्ही शिफ्टमध्ये तपासणी होतच नाही म्हटलं तरी चालेल.

"त्यांनी पुढचा माल थांबवलाय," साहेब म्हणाले. "तीन वाजता कॉल आहे. यापुढं रशीदनं मेल लिहायचा नाही. ऑफिसातनं कुणीतरी लिहील."

मी खाली इन्स्पेक्शनच्या टेबलापाशी गेले. रशीदभाईंना बातमी आधीच कळली होती. हातातला पार्ट खाली न ठेवता म्हणाले, "मॅडम, मी नियमानंच लिहिलं की. वहीत हाय."

त्यांनी वही काढली. मी शिकवलं होतं ते तिथं नीट उतरवलं होतं. मराठीत 'पेक्षा' लावलं की तुलना होते. 'हळू' हा शब्द हळूच राहतो. इंग्रजीत शब्द बदलतो. छोटा असेल तर शेवटी 'अर' येतो, स्ट्राँग, स्ट्राँगर. लांब असेल तर आधी 'मोअर', मोअर केअरफुल. आणि काम कसं केलं हे सांगायचं तर बहुतेक वेळा 'ली' जोडायचा. केअरफुलचं केअरफुली, मोअर केअरफुली.

खाली रशीदभाईंनी स्वतःच्या मनानं दहा शब्द सोडवले होते. सहावा होता हार्ड, हार्डली, मोअर हार्डली. त्यावर लाल पेनानं बरोबरची खूण. खूण माझी.

हार्ड आणि फास्ट हे शब्द हा नियम पाळत नाहीत. 'ली' न जोडता तसेच वापरायचे, आणि तुलनेला हार्डर, फास्टर. हे मी वर्गात सांगितलंच नव्हतं. पुढच्या आठवड्यात सांगू म्हणून ठेवलं होतं. वही तपासताना बसची वेळ झाली होती, तेव्हा भराभर खुणा करत गेले.

ती वही मी कुणाला दाखवली नसती तर कुणाला कळलंही नसतं. रशीदभाई बोलणाऱ्यातले नव्हते. "जाऊ द्या मॅडम," ते म्हणाले. "माझंच डोकं चालाय पायजे हुतं."

मी वही घेऊन परत वर गेले आणि साहेबांपुढं ते पान उघडून ठेवलं.

"ही चूक माझी आहे. त्यांनी मला विचारून लिहिलं, असंच समजा."

साहेबांनी पान दोनदा वाचलं. "मग आता काय करायचं?"

"कॉलवर रशीदभाईंनाच बोलू द्या. तपासणी त्यांची आहे. दुसरा कुणी बोलला तर कस्टमरला वाटेल, काहीतरी लपवताहेत."

साहेबांना ते पटलं नव्हतं, पण तीनला वेळ थोडाच उरला होता. मी आणि रशीदभाई कॅन्टीनमध्ये बसलो. मी चार वाक्यं लिहून दिली. रशीदभाईंनी त्यातलं एक खोडलं. "हे माझ्या तोंडात बसत न्हाय."

कॉलवर कस्टमरच्या क्वालिटी विभागातल्या बाई होत्या. रशीदभाई उभं राहूनच बोलले. 'मॅडम, माय इंग्लिश मिस्टेक. नॉट हार्डली. वी चेक हार्डर दॅन बिफोर. एव्हरी पीस, बोथ शिफ्ट्स.' मग त्यांनी कॅमेऱ्यासमोर एक पार्ट धरला आणि त्याच्या कडेवरनं अंगठा फिरवून दाखवला. पलीकडं बाई मोकळेपणानं हसल्या आणि म्हणाल्या, दोन्ही शिफ्टचे तपासणीचे तक्ते पाठवा. तक्ते तयारच होते. ते संध्याकाळच्या आत गेले. दुसऱ्या दिवशी माल सोडायची परवानगी आली.

मेल आजही रशीदभाईच लिहितात. साहेबांनी एवढंच ठरवलं, की बाहेर जाणारा प्रत्येक मेल आधी दुसऱ्या कुणीतरी वाचायचा. साहेबांचा स्वतःचासुद्धा. पहिल्याच आठवड्यात साहेबांच्या मेलमध्ये 'मोअर बेटर' सापडलं, जिथं नुसतं 'बेटर' पुरे होतं. ते रशीदभाईंनी शोधलं, आणि दिवसभर ते खूश होते.

मीही शिकवण्याचा क्रम बदलला. नियम लिहिला, की त्याच तासाला त्याच फळ्यावर अपवाद लिहिते. हुशार माणूस नियम हातात आला की तो पुढं स्वतःच वापरू लागतो. अपवाद मात्र कुणीतरी सांगावा लागतो.